राखणदाराची बाटली

कप

हात थरथरत होता म्हणून मी हा नवरा पसंत केला. ऐकून कोणीही हसेल, आता मीही हसते. पण ज्या बाईच्या घरात हा आजार आहे तिने वाचावं म्हणून लिहायला बसले आहे, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

गिरण्यांचा संप मोडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो, मूळचे साताऱ्याकडचे. माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी एक खटका. ह्याला कॅलिपर म्हणतात. उभं राहताना खटका लावायचा, बसताना सोडायचा. चालले की खट् खट् आवाज होतो. बघायला येणारी मंडळी आधी गोड गोड बोलायची, आणि मी ट्रे घेऊन आले की सगळ्यांच्या नजरा एकदम जमिनीकडे. बरं, मी काही बिचारी नव्हते हं. अंधेरीला रेडिओचे भाग जोडायच्या कारखान्यात बसून सोल्डरिंग करायचे, वडिलांची, आमच्या नानांची, गिरणी सुटल्यावर घर माझ्या पगारावर चालत होतं, आणि तोंडाने मी पहिल्यापासून फटकळ. मावशी म्हणायची, "शैला, पाय एकवेळ चालेल गं, जीभ आवर."

त्या रविवारी जोगेश्वरीहून मधुकर आला. कोकणातला, विधुर, मरोळच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला. बरोबर त्याची आई. मी ट्रे पुढे केला, त्याने कपबशी उचलली आणि ती अशी खडखडायला लागली की अर्धा चहा बशीत. त्याची आई हसून म्हणाली, "लाजता तो." सगळे हसले. मी मात्र विरघळले. आजवर येणारा प्रत्येक जण माझ्या पायाला घाबरायचा. हा माणूस पायाकडे बघतही नव्हता, हा मलाच घाबरला होता! मला वाटलं, झकास. असाच हवा.

स्थळ मावशीनेच आणलेलं. तिने दोन्हीकडे अर्धं अर्धं सांगितलं होतं. त्यांना सांगितलं, मुलीच्या पायात जरासा दोष आहे. आम्हाला सांगितलं, मुलगा सणासुदीला घेतो कधीतरी. लग्न झालं, आणि तो हात रोज सकाळी लाजतो हे मला आठवड्याभरात कळलं. पोटात थोडी गेली की लाज जायची.

वेलची

ह्यांच्या तोंडाला कायम वेलचीचा वास. खिशात वेलची, उशीखाली वेलची. मला आधी वाटलं, किती टापटिपीचा माणूस! मग एकदा संडासाच्या वाटेवर, पाण्याच्या पिंपामागे बाटली सापडली आणि माझी ट्यूब पेटली.

मारहाण नाही, शिवीगाळ नाही. प्यायले की भिंतीला टेकून बसायचे आणि गुपचूप रडायचे. पहिली बायको विजया, लग्नाला वर्ष व्हायच्या आत काविळीने गेली. तेव्हापासून सुरू झालेलं. सासूबाईंचं म्हणणं ठरलेलं होतं. "बायलेशिवाय घर खावक येता, म्हणान घेता. आता तू इलंस, सुटतली." म्हणजे मी बायको नव्हतेच, मी औषध होते! आणि औषध लागू पडत नव्हतं, तर दोष औषधाचा.

तरी जीव जडला, खोटं कशाला बोलू. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर कॅलिपर काढायला बसले तेव्हा पाठ फिरवून बसले होते. हे समोर येऊन खाली बसले, पट्टे सोडायला लागले. बोटं थरथरत होती, बक्कल निघेना. मांडीवर पट्ट्याचे वळ बघून विचारलं, "दुखतं का गं?"

आयुष्यभर लोकांनी मला विचारलं होतं, "कशाने झालं?" दुखतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "संध्याकाळी दुखतं." त्या दिवसापासून जेवढे शुद्धीत असतील तेवढे दिवस ते खोबरेल लावून वळ चोळून द्यायचे. नसतील शुद्धीत, तेव्हा मी एकटी चोळायचे आणि मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहायचे.

श्रावण

गटारीच्या दिवशी आमच्या चाळीत काय धुमाकूळ असायचा! उद्यापासून श्रावण, म्हणून आज पिऊन घ्या. हेही प्यायले, विचारू नका किती. आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. एकदम बंद. मासळी नाही, अंडं नाही, थेंब नाही. सासूबाईंची मान ताठ झाली. "बघ गो. दारुडो आसतो तर श्रावण पाळतो काय?" मलाही पटलं. ज्याला ठरवून सोडता येते तो कसला दारुडा?

तिसऱ्या सकाळी हे आरशासमोर दाढी करता करता धाडकन आडवे झाले. डोळे पांढरे, दात घट्ट, अंग झटके देतंय. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. शुद्धीवर आले ते कोपऱ्याकडे बघून बोलायला लागले, "विजया, उभी का? बस ना." घामाने नुसते भिजलेले. अंगावरून किडे झटकत होते, किडे कुठेच नव्हते. मी जवळ गेले तर मला विचारतात, "तुम्ही कोण?"

सासूबाईंनी लगेच निदान केलं. विजया आली. सवत आलेली तिला खपली नाही. चाळीतल्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच तिला बोलावणं धाडलंय. भगताला निरोप गेला, तो संध्याकाळी येणार होता. मी दुपारपर्यंत दम धरला. ह्यांचे ओठ काळे पडायला लागले तसा मी खटका लावला, रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आले आणि दोन शेजाऱ्यांना म्हटलं, उचला.

"अगो, भगत येतलो!" सासूबाई ओरडल्या.

"येऊ दे. त्याला म्हणावं, इस्पितळात ये."

पालिकेच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ह्यांचा हात धरून बघितला, डोळे बघितले आणि विचारलं, "पितात का?"

सासूबाई म्हणाल्या, "श्रावण चालू आसा. घोट घेवक नाय."

"शेवटची कधी घेतली?"

"गटारीक."

"त्याच्याआधी? रोज?"

मी म्हटलं, "रोज."

"मग त्यामुळेच. रोजची सवय एकदम तोडली की असं होतं. भास होतात, फिट येते. ह्यात माणूस जातो, बाई. बरं झालं आणलंत."

सासूबाईंना काही केल्या कळेना. "देवासाठी सोडल्यान, म्हणान आजारी पडलो?"

"आजारी आधीपासूनच होते, आजी. आज दिसलं एवढंच. दारू हाच त्यांचा रोग आहे."

मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मेलेल्या बाईशी मी कशी भांडणार होते? तिचा तर फोटो भिंतीवर, हार घातलेला. बाटलीशी भांडता येतं. हे मनात आलं आणि पुढच्याच क्षणाला, 'ह्यात माणूस जातो' हे वाक्य डोक्यात शिरलं. बाहेरच्या बाकावर बसले ती खटका सोडायचंच विसरले. ताठ पाय वाटेत पसरून ढसाढसा रडले आणि येणारी-जाणारी माणसं पाय ओलांडून जात राहिली.

वॉर्ड

त्यांचे हात पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधले होते. नाहीतर सलाईन उपटायचे. सकाळी इंजेक्शन, मग चहा-पाव, मग मोठे डॉक्टर यायचे, मग झाडूवाली पाणी ओतून फरशी अशी धुवायची की मला पाऊल टाकायची भीती. संध्याकाळी भेटायची वेळ. मी कारखान्यातून परस्पर जायचे. वॉर्ड वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. पहिल्या दिवशी मला कठड्याला धरून चढताना बघितलं त्या लिफ्टवाल्याने. दुसऱ्या दिवसापासून मी दिसले की दार उघडून ओरडायचा, "चलो, मेरा स्ट्रेचर आ गया!" एरवी कोणी असं बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. त्याच्यावर मात्र मी रोज हसायचे. त्या दिवसांत हसू यायची तेवढी एकच जागा होती.

हे मला ओळखत नव्हते. विजया म्हणायचे. कधी आई म्हणायचे. मी सोल्डरिंगने भाजलेली बोटं त्यांच्या कपाळावर ठेवायचे आणि मनात म्हणायचे, बाई विजया, तुझा होता, मान्य आहे, पण आता माझा आहे, सोड.

मग एका संध्याकाळी मी वॉर्डच्या दारातून आत शिरले. फरशीवर खट् खट् वाजलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "शैला आली."

ज्या आवाजाची आयुष्यभर लाज वाटली, त्या आवाजाने त्यांनी मला ओळखलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "अहो, दुपारपासून विचारतोय, शैला कधी येणार." मी खाटेशी जाऊन त्यांना म्हटलं, "आलात का परत? वाट लावलीत माझी." आणि त्यांच्या उशीत तोंड खुपसलं.

इकडे घरी सासूबाईंनी आपला इलाज केला होता. कोकणातल्या लोकांत प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. जोगेश्वरीत येऊन वसलेल्या ह्या मंडळींनी चाळीमागच्या टेकडीवर, चिंचेखालचा एक दगड आपला राखणदार मानला होता. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, म्हणजे कोंबडा आणि दारूची बाटली. सासूबाई तिथे जाऊन नवस बोलून आल्या. मुलगा वर्षभर कोरडा राहिला, तर राखण देईन.

"आई, दारू सुटली म्हणून दारू?" मी विचारलं.

"तेका जा आवाडता ता देवचा लागता," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

मुलुंड

नाना इस्पितळात आले. जावयाकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाले, "सामान भर. मुलुंडला चल. पाय अधू आहे म्हणून काय कुणाच्याही गळ्यात बांधायची पोरगी?" त्यांच्यामागून मावशी आली, ती कुजबुजली, "परत येऊ नकोस हं. ह्या पायाला आता दुसरा कोण मिळणार?"

मला दोघांचाही राग आला. एकाला मला न्यायचं होतं, दुसरीला ठेवायचं होतं, पण दोघांच्या बोलण्यात माझा पायच. मी कुठे होते? मला हा माणूस हवा होता, ते माझ्या पायामुळे नाही. पण दारूसकट नको होता.

घरी आणलं त्या दिवशी ह्यांच्यासमोर बसून स्वच्छ सांगितलं. "मी राहीन. पण परत घेतलीत तर मी मुलुंडला जाईन. रडणार नाही, भांडणार नाही. जाईन."

अंधेरीला एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेल्या माणसांची बैठक भरायची. डॉक्टरीणबाईंनीच पत्ता दिला होता. पोरांच्या बुटक्या बाकांवर दांडगी दांडगी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. एकेक जण उठून नाव सांगायचा आणि म्हणायचा, मी दारुडा आहे. ह्यांना ते म्हणायला किती आठवडे लागले! "मला जरा सवय आहे," इथपर्यंत यायचे. शेजारच्या वर्गात आम्ही बायका. त्यांत एक ख्रिश्चन आंटी होती, तिचा नवरा बऱ्याच वर्षांचा सुटलेला. तिने मला सांगितलं, "तू त्याचा हात पकडून ठेवणार किती दिवस? तुझा पण हात दुखेल ना. पीना नहीं पीना त्याचं काम. तुला राहायचं की जायचं, ते तुझं." मला ते फार कडक वाटलं. घरी गेल्यावर पटलं.

सासूबाई आल्या नाहीत. "बेवड्यांची भजनां माका नको. माझो झील आजारी होतो, बरो झालो." त्यांच्या बोलीत झील म्हणजे मुलगा.

विजयाचं पान

पितृपक्षात नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईचं पान वाढतात. विजयाचं पान मी वाढलं. अळूवडी, खीर, वडे. मी ह्यांना विचारलं, "तिला काय आवडायचं?" घरात कोणी हे बोलतच नसे.

"सुके बोंबील," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो, कारण त्या पानावर बोंबील कोण वाढू देणार? मग हसता हसता ते बोलायला लागले. ती म्हणत होती, अंगात त्राण नाही, डोळे पिवळे दिसतात. हे म्हणाले, ऊन लागलं असेल, लिंबू-सरबत पी. आणि कामावर गेले. आठवड्याच्या आत ती गेली. "मी लिंबू-सरबत पी म्हणालो गं," हे एवढंच परत परत म्हणत राहिले.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा न पिता रडताना बघितलं. मी त्यांना थांबवलं नाही. नंतर ते जेवले, दोन वडे मागून घेतले.

खटका

हे सगळं वाचून वाटेल, झालं, सुटली. नाही हो. दिवाळीला कारखान्यातल्या मित्रांबरोबर बसले आणि घसरले. घरी येऊन उंबऱ्यावरच बसले, स्वतःच म्हणाले, "प्यायलो." मी बोलल्याप्रमाणे पिशवी भरली. सासूबाई म्हणाल्या, "एकदाच घेतल्यान, सणाक." मी म्हटलं, "आई, मी पण एकदाच सांगितलं होतं." आणि निघाले. माझा खटका तेव्हा झिजलेला होता, मधेच सुटायचा. मुलुंडला उतरून घरी जाताना भर रस्त्यात पडले. उठले आणि चालायला लागले.

मुलुंडचे दिवस वाईट गेले. नाना काही बोलायचे नाहीत, मावशी फार बोलायची. हे रोज बैठकीला जातात, एवढं आंटीकडून कळायचं. मी निरोप पाठवला नाही. रागही होता आणि आठवणही यायची, दोन्ही एकदम. दुपारी सोल्डरिंग करताना डोळ्यांत पाणी आलं की धुराला दोष द्यायचा.

थंडी पडली तेव्हा एका रविवारी ते दारात उभे. दाढी केलेली, वेलचीचा वास नाही. खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत नवा खटका. जोगेश्वरीच्या घरी माझ्या आधीच्या कॅलिपरचा मोडका खटका पडला होता, त्यावरून माप घेऊन लेथवर स्वतः केलेला, चकचकीत. म्हणाले, "हात थरथरला असता तर हा बसला नसता. लावून बघ."

नानांसमोरच खाली बसले, स्क्रू-ड्रायव्हर काढला, खटका बसवला. बोटं स्थिर होती. मी उभी राहिले. टक्, एकच बारीक आवाज, आणि पाय घट्ट. नानांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "काम चांगलं आहे." आमच्या नानांकडून एवढं म्हणजे खूप झालं.

त्यांच्याबरोबर जोगेश्वरीला जाताना मी म्हटलं, "परत एकदा झालं तर खटका घेऊन येऊ नका. मी दार उघडणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले.

नवस

वर्ष गेलं. चांगलं गेलं. बैठकीत उभं राहून 'मी दारुडा आहे' म्हणायला लागले. सकाळचा चहा कपातून, न सांडता. आम्ही दोघं कधी वेसाव्याच्या किनाऱ्याला जायचो, वाळूत माझा पाय रुततो म्हणून बांधावर बसायचो आणि मी त्यांना कारखान्यातल्या बायकांच्या नकला करून दाखवायचे. लग्नानंतरचं प्रेम म्हणतात ते आमचं तिथे, मासळीच्या वासात सुरू झालं.

आणि पुढची दिवाळीही कोरडी सरली, घसरल्याला वर्ष झालं, तशी सासूबाई म्हणाल्या, "आता नवस फेडूक होयो."

कोंबडा ठरला, बाटली आली. ती बाटली आमच्याच घरात, देवाच्या फळीवर! मी म्हटलं, आई, नारळ द्या, पाच नारळ द्या. "बोललेला फिरवचा नसता. राखणदार कोपलो तर माझ्या झिलाक कोण राखतलो?" त्यांच्या डोळ्यांत खरीच भीती होती. त्यांच्या लेखी मुलगा डॉक्टरने नाही, बैठकीनेही नाही, राखणदाराने वाचवला होता. "बरं, बाटली द्या, पण त्यातला प्रसाद ह्यांना नको." तर म्हणे, "ज्याच्या नावाचो नवस, तेना परसाद घेतल्याबिगर फिटना नाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "आईचं मन आहे गं. झाकणभर तर असतं."

वर्षभरात त्यांच्या तोंडून मापाचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. शाळेतल्या वर्गात बसून सगळ्या बायकांनी मला हेच सांगितलं होतं, त्यांच्या नवऱ्यांचं सगळं झाकणापासूनच परत सुरू झालेलं. घेतली तर मी जाणार, हे ह्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि मला जायचं नव्हतं. देवा शप्पथ, मला जायचं नव्हतं.

"मी वर येणार," मी म्हटलं.

"राखणीला बायका येत नाहीत. आईचा नवस आहे म्हणून ती येते."

"लंगडीला कोण बाई समजतं? इतक्या स्थळांनी समजलं नाही. येणार म्हणजे येणार."

चिंचेखाली

टेकडी चढायला वाट नव्हती, नुसते दगड. हे पुढे, मी मागे. दोनदा हात पुढे केला, मी धरला नाही. नवा खटका कुठेही सुटला नाही.

वर चाळीतले पुरुष जमले होते. गाऱ्हाणं घालायला तात्या, चाळीतले सर्वांत वडील. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. एक जण बोलतो आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष देतात. कोंबडा झाला. तात्यांनी बाटली फोडली, दगडाभोवती धार धरली. वास आला. ह्यांच्या नाकपुड्या हलल्या, मी बघितलं. मग तात्यांनी झाकण भरलं आणि पुढे केलं. "घे रे मधू. तुझ्याच नावाचा आसा."

ओरडावंसं वाटलं. झाकण उडवून द्यावंसं वाटलं. पण आंटीचं बोलणं आठवलं, आणि मी नुसती उभी राहिले, घट्ट.

ह्यांनी हात पुढे केला. झाकण घेतलं.

आणि हात थरथरायला लागला. वर्षभर स्थिर असलेला हात. झाकणातली दारू मनगटावर सांडायला लागली. ते झाकणाकडे बघत होते, तोंडाकडे नेत नव्हते, खाली ठेवत नव्हते. तात्या हसून म्हणाले, "अरे, लाजतंस कित्याक?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या ह्यांच्या हाताकडे बघत होत्या. तो चहा, ती खडखडणारी बशी त्यांनाही आठवली असणार. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्या पुढे आल्या. मुलाच्या हातातलं झाकण काढून घेतलं, दगडावर पालथं केलं आणि पदराने त्याचं मनगट पुसलं, चांगलं खसाखसा, लहान पोराचं पुसतात तसं. मग डोक्यावर पदर घेऊन दगडाकडे तोंड केलं.

तात्या म्हणाले, "गे वैनी, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

"नवस माझो, झील माझो. तोंड पण माझाच," सासूबाई म्हणाल्या, आणि आवाज चढवला. "बा राखणदारा म्हाराजा! गेल्या साली तुका सबद दिल्लंय, तो आज पुरो केलंय. कोंबो दिलंय, बाटली दिलंय. तुझा तुका पावला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष म्हणाले.

"माझो झील दारुडो आसा, म्हाराजा!"

कोणी आवाज काढेना. चिंचेवरचे कावळे तेवढे ओरडत होते. सासूबाई वळल्या. "काय रे? तुमच्या तोंडात कोंबो अडकलो?"

"व्हय म्हाराजा," दोघं-तिघं पुटपुटले.

"तेका रोग आसा. मिया लपवलंय. लोकांका सांगलंय, पोर लाजता. आज तुझ्या पायार खरा सांगतंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका ह्यातलो एक थेंब चलना नाय. परसाद म्हणान नाय, औषद म्हणान नाय. तुझी बाटली तूच पी! ही माझी सून एका पायार हयसर चढान इली आसा, तिचो संसार राख. आणि माझ्या झिलाक आजच्यासारखो कोरडो राख, म्हाराजा!"

आता मात्र सगळी टेकडी दणाणली. "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं, साताऱ्याची असून. माझा आवाज रडवेला निघाला, निघू दे.

आणि सगळे गप्प झाल्यावर, जरा उशिराने, माझ्या शेजारून एक घोगरा आवाज आला. ह्यांचा.

"व्हय म्हाराजा."